झिपरूची शिडाची नाव

अमळनेरच्या एका कापसाची सरकी काढायच्या जिनात झिपरू एकोणीस वर्षं रुईच्या धुरळ्यात उभा राहिला. चाळिशीतच त्याला दमा जडला. पाठ टेकली की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला चोपड्याकडे जायचं होतं. तापी ओलांडायला नवरा-बायको नावेत बसले. पाण्यावरून गार वारा येत होता. पल्याड पोचेपर्यंत झिपरू चक्क आडवा होऊन घोरत होता. झुंबरबाईनं त्याला उठवलंच नाही. ती डोळे पुसत शेजारी बसून राहिली.

तेव्हापासून झिपरूनं एकच ध्यास घेतला. जुनीपानी शिडाची नाव घ्यायची आणि तिच्यातच राहायचं.

"तुम्हले पोहता तरी येस का?" झुंबरबाईनं विचारलं.

"नही. पन झोप ते लागी!"

दर सुट्टीला तो तापीचे घाट पालथे घालू लागला. धडक्या नावेची किंमत ऐकूनच माघारी फिरायचा आणि स्वस्त नावेच्या तळातून ऊन दिसायचं. एक नाव परवडणारी मिळाली, पण तिच्यात म्हशींचा कडबा भरला होता आणि तो हलवायला मालक तयार नव्हता.

अखेर पांझरा तापीला मिळते तिथून थोडं खाली, भिकुबाई नावाच्या म्हातारीच्या दारापुढे एक नाव पालथी पडलेली दिसली. तिचा नवरा नावाडी होता. तो गेल्यापासून नाव पाण्यात उतरलीच नव्हती. डोलकाठी तर छपराला टेकू म्हणून लावलेली.

"अक्का, नाव इकानी शे का?"

भिकुबाईनं त्याची धाप ऐकली. आजाराची चौकशी केली, घोटभर पाणी दिलं. मग म्हणाली, "पैसा राहू दे, भाऊ. मनी पोर पल्याड दियेल शे. बाजारना दिनले माले तिनाकडे ली जाजो, बस."

झिपरू वाकून तिच्या पाया पडला. झुंबरबाईनं मात्र दर सुगीला पोतंभर ज्वारी घ्यायचं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

डोलकाठी काढून घेऊन छपराला बाभळीचा नवा खांब दिला. नावेच्या फटी कापूस आणि राळ ठासून बुजवायच्या होत्या. कापसानं झिपरूला उबळ यायची, म्हणून ते काम झुंबरबाईनं केलं. नाव हाकायला भिकुबाईनं काठावरून ओरडून ओरडून शिकवलं. पहिल्याच दिवशी शीड भलतीकडे फुगलं आणि नाव वाळूतल्या टरबुजाच्या वाडीत घुसली. वाडीवाल्या धनसिंगनं आधी शिव्या दिल्या, मग हसत दोन टरबुजं नावेत ठेवली.

झिपरूनं जिनातलं काम सोडलं. वर्षातले आठ महिने दोघं नावेतच राहत. लोकांना पल्याड पोचवून चूल पेटायची. पुराच्या दिवसांत नाव वर ओढून भिकुबाईच्या ओसरीवर मुक्काम. दमा पुरता गेला नाही, पण झिपरू पाठ टेकून झोपू लागला. सकाळी उठला की आधी नदीला हात जोडायचा, मग भिकुबाईच्या घराकडे वळून.

पुढे म्हातारी थकली, तिला नावेत चढवेना. तेव्हा बाजारच्या दिवशी झिपरू तिच्या लेकीलाच पोराबाळांसकट अल्याड आणू लागला. शीड दिसलं की भिकुबाई ओसरीवरूनच हाक मारायची आणि झुंबरबाई आत तिच्या चुलीवर चहाचं आधण ठेवायची.