डायव्हर्स म्हणजे मी एकटीच

"उद्या ती तुमची साडी नेसून ये. गुडघ्यापर्यंतची असते ना, ती," मॅनेजर साहेब म्हणाले. अख्ख्या लॅबसमोर. मागून कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या हातात सँपलची बाटली होती. ती मी टेबलावर ठेवली.

बोईसरच्या एका औषध कंपनीत मी कंत्राटी केमिस्ट. बी.एस्सी. झालेली वारली आदिवासींची पोर. कायम करा म्हणून कधीची मागे लागलेली. आता परदेशी पाहुणे येणार होते, आणि साहेब त्यांना दाखवणार होते की आमची टीम डायव्हर्स हाय.

शब्दाचा अर्थ मी मोबाइलवर बघितला. तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचा. चांगलाच की! पण मनात पाल चुकचुकली. मी डब्यातलं सुकट काढलं की नाकाला रुमाल लावून उठणारी ही माणसं. यांना एकदम एवढं प्रेम कुठून आलं?

"आणि वडलांना तारपा घेऊन बोलव," साहेब म्हणाले. "लॉबीत नाच बसवू. तुझं कायमचं मी बघतो."

श्रावण चालू होता. शेतात भात अजून हिरवाच. नवं धान कणसरी देवीला दाखवल्याशिवाय आमच्यात भोपळ्याचा तारपा कुणी फुंकत नाय. बापूस तर हातसुद्धा लावत नाय. मी तसं सांगितलं.

"अगं, पाहुण्यांना काय कळतंय?"

त्यांना नाय कळत. आमाला कळतं ना! डोकंच फिरलं माझं.

"सर, टीम डायव्हर्स म्हणजे तुमी पण आलात त्यात. मग तुमी काय नेसणार?"

"मी? मी कशाला? डायव्हर्स तू आहेस."

सगळे हसले. मला हसू आलं नाय. ते सगळे नुसती माणसं, आणि मी एकटी डायव्हर्स. आमाला जंगली म्हणायचे, तेच आता इंग्रजीत म्हणत होते.

मी साडी नेसले नाय. बापसाला बोलावलं नाय. पाहुणे लॅबमध्ये आले, त्यातल्या एका बाईनं मलाच विचारलं, तुमची कंपनी डायव्हर्स आहे का? साहेब शेजारीच उभे. मी अडखळत का होईना, इंग्रजीत बोलले.

"खाली कामाला हाय. वर केबिनमध्ये नाय. वर जाऊन बघा."

साहेबांचं तोंड उतरलं. माझं कायम व्हायचं लांबलं, ते अजून तसंच हाय. आता गोड बोलून विचारतात, "राग गेला का?" नाय गेला. जाणार पण नाय. नाचून नोकरी मला नको, आणि शिकून मिळवलेली मी सोडणार नाय. काढायचं असेल तर कारण माझ्या तोंडावर सांगा.