दोन चादरी

राजस्थानातल्या पोस्टिंगला तीन उन्हाळे माझी ड्यूटी एकच होती, उष्माघाताची. मी आर्मी मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, रँक हवालदार. रोज सकाळी फॉलइनला, जवान रांगेत उभे राहिले की, तेच शिकवायचो. माणूस बरळायला लागला की कपडे काढा, पाणी ओता, वारा घाला, मग डॉक्टर. जवान कंटाळायचे. वायरलेसवर चेष्टा चालायची, "पानीवाले उस्ताद, ओव्हर." पण त्या तीन उन्हाळ्यांत माझ्या हातून एकही जवान गेला नाही. मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

रिटायर झालो आणि सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्याच्या गेटवर लागलो. आपल्याकडे फौजेतून आलेला शिपाईसुद्धा मेजर होतो, तसा मीही झालो. शेडमध्ये उन्हाळ्यातही पंखे बंद. वाऱ्यानं सूत तुटतं म्हणे. कारागीर बनियनवर घामानं निथळायचे. चार उन्हाळे मी हे पाहिलं आणि तोंड उघडलं नाही.

मे महिना. दुपारचे दोन चाळीस. मागांवर देखरेख करणारा जॉबर दत्ता पळत गेटवर आला.

"मेजर, अंबादासला थंडी वाजून आलीया."

"कधीपासून?"

"एकच्या जेवणाच्या सुट्टीपासनं. दोन चादरी टाकल्या, तरी थरथरतोय की."

मी धावलो. अंबादास तिथला जुना कारागीर. त्याला कोपऱ्यात निजवून दोन कोऱ्या, जाड चादरींत गळ्यापर्यंत गुंडाळलं होतं. ताप आला की पांघरूण घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. जिवाला जीव देणारी माणसं, मायेनंच केलं त्यांनी. मी हात लावला. अंग तव्यासारखं, कोरडं ठक्क. त्याला झटके येत होते आणि यांना ती थंडी वाटली.

"चादरी काढा! पाणी आणा!"

"मेजर, न्यूमोनिया हुईल त्याला."

"ऑर्डर आहे! पाणी!"

बादल्या ओतल्या. पंखा लावला. ॲम्ब्युलन्स तीन पंचवीसला आली. पण मी पोचण्याआधी दीड तास तो चादरींत होता, आणि फौजेत मी दहा मिनिटं जाऊ दिली नसती. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं होतं, ताप. फौजेत जीव गेलेल्याचं नाव दगडावर कोरतात. अंबादास उन्हानं गेला, हे कुठल्या कागदावरही नाही. दुसऱ्या दिवशी शेड सुरू झाली, पंखे बंद ठेवूनच.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको आतल्या बायकांशी तेलुगूत बोलत होती. मला पाहून मराठीत म्हणाली,

"दादा, उन्हाच्या झटक्याचं ह्ये सगळं तुमाला म्हाईत हुतं म्हनं?"

"हो."

"मग त्यास्नी आदी का न्हाय सांगितलं?"

"मला वाटलं, माझं काम गेटचं आहे, वहिनी."

मला माझीच लाज वाटली. ती रडली नाही, रागावलीही नाही.

"घरात लई सांगायचे तुमचं," ती म्हणाली. "म्हनायचे, गेटवर फौजेतला मानूस हाय, आमाला काय हुतंय."