सर बरोबर, आंटी चूक

आज दुपारी सव्वातीन वाजता बऱ्हाणपूरच्या सुपरहिरो-फॅन ग्रुपमधून मला काढलं. तेव्हापासून चहा दोनदा गार झालाय.

मी इतकंच लिहिलं होतं: इमारतीवरून पडणाऱ्या बाईला नायकाने खालून सुसाट येऊन झेललं, तर तिची हाडं मोडतील. ती वाचणार नाही.

मागच्या महिन्यात हेच मी यजमानांच्या नंबरवरून लिहिलं होतं. तेव्हा ॲडमिन म्हणाला, "वा सर, क्या बात है!" आज माझ्या नंबरवरून लिहिलं, तर म्हणे, "आंटीजी, आप रेसिपी डालो ना." आणि काढलंच.

आयुष्यभर भौतिकशास्त्र मी शिकवलं. यजमान असल्या सिनेमात घोरतात.

ॲडमिनसाहेब, माझं काय चुकलं? उद्या संध्याकाळी सहाच्या आत इथेच, माझ्या या पोस्टखाली, सगळ्यांसमोर, लेखी उत्तर द्या. तुमचे ते 'सर' वाट बघतायत.