मनीच्या आईची टोपली

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, "अवो, दोघांनी एकाच बाजूला पिळलं तर पाणी कसं निघंल? तुमचं उलटं फिरवा." सगळा संसार झाला, तरी मला ते जमलं नाही.

घाटकोपरच्या टेकडीवर माझ्या बायकोला सगळे मनीची आई म्हणायचे. मनी म्हणजे आमची मांजर. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून बायका टोमणा मारायच्या. ही सरळ ओ द्यायची. "आई म्हणतात ना? मग झालं."

संप होऊन माझी मिल बसली, त्या वर्षांतली गोष्ट. पावसात टेकडीची माती सरकायची. जोर वाढला की म्युनिसिपालटीची माणसं भोंगा घेऊन यायची, खोल्या खाली करा, शाळेत जा. हिने एकाला विचारलं, "मनीला घेणार का शाळेत?"

"बाई, आधी माणसांचं बघा."

"माणसं पायांनी जातील. तिला कोण सांगणार?"

मग तिने आपला बंदोबस्त केला. खालच्या पिठाच्या चक्कीवाल्याला गाठलं. त्याच्याकडे उंदीर माजलेले, त्याने पोटमाळ्यावर मनीला जागा कबूल केली. हिने झाकणाची टोपली आणली, बाहेरून प्लास्टिक शिवलं, आत जुनं लुगडं. होळीपासून मनीला बांगड्याचं डोकं मिळायचं ते टोपलीतच. मग झाकण लावून ही तिला चक्कीपर्यंत नेऊन परत आणायची.

"वरात कुठे निघाली गं?" मी हसायचो.

"हसा. वेळ आली की ती आपणहून बसंल. तुम्ही फक्त उचला."

वेळ भर दुपारी आली. ही खाली बिल्डिंगीत भांडी घासायला गेलेली. भोंगा ओरडला, लोक पळायला लागले. मी टोपली काढून खाली ठेवली. मनी आली, आत बसली, माझ्याकडे बघत राहिली.

माझी नजर फळीवरच्या ट्रान्झिस्टरवर गेली. पाणी न शिरणारी घरात तेवढी एक टोपलीच होती. मी मनीला मानगुटीला धरून बाहेर काढलं. ती परत जाऊन बसली. परत काढलं, दाराबाहेर टाकलं. मिलचे कागद म्हणाल तर ते माझ्या छातीशी होते. टोपलीत गेला तो ट्रान्झिस्टर.

शाळेत हिने झाकण उघडलं. "मनी कुठंय?"

"आलीच नाही. हाका मारून दमलो. रिकामी टोपली कशाला आणायची, म्हणून हा ठेवला."

संध्याकाळी आमच्या ओळीवर माती आली. ही आठ दिवस चिखलातून बशी वाजवत हिंडली. नवव्या दिवशी बशी ठेवली आणि म्हणाली, "मीच शिकवायला कमी पडले."

पुढे कुणी मांजराचं पिल्लू देऊ केलं की म्हणायची, "नको बाय, मला नाही जमत." मी शेजारी बसून ऐकायचो. पाहिजे तेव्हा खरं सांगता आलं असतं. वर्षं गेली, मी चहा पीत राहिलो.

गोधडी वाळत घातली, त्या रात्री ती झोपेतच गेली. सकाळी मी हाक मारली, हात लावला, अंग गार होतं. शेजाऱ्यांना बोलवायच्या आधी मी आतून कडी घातली. तिच्या कानाशी बसलो आणि सांगितलं, "मनी आली होती. आपणहून बसली होती. दोनदा."