झावळीऐवजी फडा

वाळलेली शिंदीची पानं कुठं जळाली, की मी आजही कपाळ चाचपतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. प्रार्थनेच्या गाण्यांना वाजवायची ढोलकी माझ्याऐवजी दुसऱ्या पोराला दिली म्हणून मी वर्षभर चर्चवर रुसून होतो, आणि चर्चला त्याचा पत्ताही नव्हता. चाळीस दिवसांचा उपास ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारची आदली संध्याकाळ होती. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी क्रूस बांधून घरोघरी नेलेल्या शिंदीच्या झावळ्या त्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात जाळतात आणि तीच राख दुसऱ्या दिवशी कपाळाला लावतात. पाय मोडून खाटेवर पडलेली आई म्हणाली, "झावळी देऊन येजो बाबू. राखेत आपल्या घरचं पान पायजेच." ती झावळी मी पावसाळ्यात चूल पेटवायला वापरली होती. आईला सांगायची हिंमत होईना, म्हणून अंगण झाडायच्या नव्या फड्याची पानं उपसली, फड्याच्याच लाल दोऱ्यानं क्रूस बांधला आणि निघालो. शेवटी फडाही शिंदीचाच! चर्चच्या अंगणातला निळसर धूर कपाशीच्या, पऱ्हाटीच्या शेतांवर अलगद पसरत होता, आणि वर्षभरानं दिसलेली माणसं त्यात स्वप्नातल्यासारखी तरंगत होती. फादरांनी माझा क्रूस न्याहाळला. "झावळीले लाल दोरा कवापासून बांधतेत रे?" मी सगळं कबूल केलं. हसत त्यांनी क्रूस जाळात टाकला. "आईचं पान पोचलं. आता चाळीस दिवस इथं फडा तूच मार." दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या कपाळावरच्या राखेला बोट टेकवलं आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. ते चाळीस दिवस केव्हाच सरले. चर्चचा फडा अजून माझ्याच हातात आहे आणि ढोलकी त्या दुसऱ्याच्याच. वाजवतो मात्र तो अजूनही बेतालच.