सिद्धांताला बढती नसते

गोवा मुक्त झाला आणि आमच्या पेडण्यात वीज आली, बस आली, हायस्कूल आलं. पण पेडणेकरांच्या डोक्याला खरी चालना दिली ती माझ्या मावशीनं. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि तिला 'का' या प्रश्नाचं व्यसन होतं. आमच्याकडे 'का' म्हणजे 'कित्याक'. तो शब्द तिच्या तोंडून इतक्यांदा निघे की मुलं तिला पाठीमागे 'कित्याक बाई' म्हणत. हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिनं कुणाला शिक्षा केली नाही. 'कित्याक?' एवढंच विचारलं.

मी लाटंबार्शाहून शिकायला तिच्या पेडणे तालुक्यातल्या हळर्णच्या घरी राहिलो होतो. तिथे साधं वाक्य बोलायची सोय नव्हती. 'मावशी, उन्हाळ्यात दूध नासतं,' म्हटलं की ती म्हणे, "हो नियम जालो. आतां सिद्धांत सांग." नियम म्हणजे नेहमी काय होतं ते, आणि सिद्धांत म्हणजे ते का होतं याचा पारखून घेतलेला उलगडा. 'हा नुसता सिद्धांत आहे,' असं कुणी म्हटलं की तिचा पारा चढे. मनात आला तो तर्क. दहा कसोट्यांना उतरला तर सिद्धांत. एकदा मी म्हणालो, पदेर पाव घेऊन आला की आपला मोती भुंकतो. झालं! का भुंकतो? मी म्हणालो, भोंग्याची चीड येते. दुसऱ्या दिवशी तिनं पदेराला भोंगा वाजवू दिला नाही. मोती भुंकला. मग सायकलीची चीड असेल. पदेर बिचारा सायकल फणसाखाली ठेवून, टोपली डोक्यावर घेऊन चालत आला. मोती भुंकलाच. शेवटी पदेरच वैतागून म्हणाला, "बाई, तो गप रावचो म्हूण हांव रोज उंड्याचो कुडको घालतां." मावशीनं तो पावाचा तुकडा बंद केला, आणि आठवडाभरात मोती पदेराला पाहून नुसती कूस बदलू लागला. "भुंकतो म्हणून पाव द्यावा लागतो, असं पदेराला वाटायचं, भुंकलं की पाव मिळतो, हे मोतीला कळलं होतं," ती म्हणाली, "दोघांत मोती हुशार." त्या दिवसापासून मोतीचा मात्र मावशीवर राग होता.

या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, हेडमास्तरीण व्हायचं. तेही पगारासाठी नव्हे. शाळेतली भिंगं, लोहचुंबक, तराजू सगळं हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असे. मुलांनी मोडू नये म्हणून ते मुलांना दाखवतच नसत. ते कपाट तिला सताड उघडायचं होतं. जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांत जुनी तीच होती, मुलाखत नावापुरती होती. पण संस्थेचे अध्यक्ष, डिचोलीच्या खाणीवर ज्यांचे ट्रक चालत ते भाऊ, स्नेहसंमेलनाच्या भाषणात एक वाक्य टाळ्या घेऊन बोलून गेले होते: आजचा सिद्धांत तो उद्याचा नियम, आजचा शिक्षक तो उद्याचा हेडमास्तर. मुलाखतीत त्यांनी कौतुकानं तेच काढलं. "सिद्धांत पक्को जालो काय ताचो नियम जाता, न्हय बाई?"

नुसती मान डोलवायची होती. मावशी म्हणाली, "ना, भाऊ. नियम कितें जाता तें सांगता, सिद्धांत कित्याक जाता तें. दोगांचीं कामां वेगळीं. सिद्धांताक बढती नासता."

"म्हणजे तो जल्मभर सिद्धांतच उरतलो?"

"उरतलो. आनी तातूंत ताका कसलेंच उणेपण ना."

दाराबाहेरच्या शिपायानं हा संवाद संध्याकाळपर्यंत बाजारभर केला. हेडमास्तर दुसरेच झाले आणि कपाटाला कुलूप राहिलं. त्या रात्री मावशी जेवली नाही. सकाळी मात्र तिनं स्वयंपाकघरातला खायचा सोडा, लिंबं आणि माझ्या चष्म्याचं जुनं भिंग पिशवीत भरलं आणि शाळेत गेली. पुढे निवृत्त होईपर्यंत ती पिशवी तिच्या खांद्यावर होती. त्या पिशवीतून आमच्या तालुक्यात डॉक्टर निघाले, इंजिनियर निघाले, आणि मी छाती पुढे काढून सांगतो, मीही निघालो.

ती थकल्यावर एकदा म्हातारे भाऊ काठी टेकत हळर्णला आले. बरोबर कुणी नव्हतं. सोप्यावर बसत म्हणाले, "म्हजी नात तुजेकडे शिकली. आतां तीच म्हाका शिकयता, सिद्धांताक बढती नासता म्हूण." मग खाली बघत म्हणाले, "बाई, हांवें तुका हेडमास्तर केली ना. तूं सगळ्यांक कित्याक विचारता, कित्याक केली ना तें म्हाका एकदांय विचारलें ना."

मावशीनं चहाची कपबशी त्यांच्याकडे सरकवली. "कित्याक तें म्हाका खबर आशिल्लें, भाऊ. च्या घेयात."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. हळर्णच्या घरी मी अजून जातो. सकाळी पदेर येतो, भोंगा वाजतो, शेजारचं कुत्रं भुंकतं. मी पाव घेतो आणि थोडा वेळ दारातच थांबतो, पण का थांबलो म्हणून विचारणारं घरात कुणी नसतं.