मार्लिस दुसऱ्यांदा नवरी झाली तेव्हा

मार्लिस गोडकेन आणि मी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं काम केलं, आणि घरंही आमची भिंतीला भिंत नसली तरी कुंपणाला कुंपण लावून. बाई उंचीनं बेताची, अंगानं भरलेली. तीनशे पोरांचा सॉस एका हातानं ढवळायची आणि दुसऱ्या हातानं चव बघायची. चव जरा जास्तच बघायची. कुणी तसं म्हटलं तर म्हणायची, "पोरांना बाधलं तर आधी मला बाधायला हवं ना."

नवरा ड्वेन टायरच्या कारखान्यात. त्याची कायम दुपारची पाळी. तीनला जायचा तो अकराला उगवायचा. त्यामुळे सहा वर्षांची ट्रूडी आणि तीन वर्षांचा किप संध्याकाळभर मार्लिसच्या डोक्यावर. चार घरं सोडून सासू राहायची, आर्डिथ. देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी त्यातल्या चुका काढायला आर्डिथला बसवलं, असं ड्वेन म्हणायचा. आणि ती त्याची सख्खी आई.

ही गोष्ट शहाऐंशीच्या ऑक्टोबरातली. आमच्या डि मॉइन शहरात पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला बाकी देशासारखी एकतीसला नाही, तीसला फिरतात. त्याला आम्ही बेगर्स नाइट, म्हणजे भिकाऱ्यांची रात्र, म्हणतो. आणि इथं फुकट कुणी काही देत नाही. दारात उभं राहून विनोद सांगायचा, मगच पिशवीत काहीतरी पडतं. त्यामुळे ऑक्टोबर लागला की घराघरात पोरं विनोद घोकायला लागतात, आणि मोठ्यांना जेवताना, आंघोळ करताना, फोनवर बोलताना ते ऐकून हसावं लागतं.

किपला एकच यायचा. भूत शाळेत का जात नाही? उत्तर होतं, हजेरी घेताना दिसत नाही म्हणून. किप उत्तर विसरायचा आणि सांगायचा, "शू लागते म्हणून." लोकांना तेच जास्त आवडायचं. ट्रूडी मात्र नाक मुरडायची. तिला विनोद पसंत पडेना, आणि सोंग पसंत पडलं ते असलं, की तिला मेलेली नवरी व्हायचं होतं.

"मेलेलीच का?" मार्लिसनं विचारलं.

"जिवंत काय, कुणीपण होतं. मला तुझा लग्नाचा झगा दे."

"तो मिळायचा नाही. आजीनं हातानं शिवलाय."

ट्रूडीनं आईकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "तुला तो आता होतो तरी का?"

मार्लिस सांगते, त्याकडे तिनं दुर्लक्ष करायला हवं होतं. पण गुरुवारचा दिवस, शाळेत तीनशे पोरांना वाढून आलेली, आणि घरात पोटची पोर असं बोलते. ती माळ्यावर गेली, खोकं काढलं, आणि झगा अंगात चढवला. चढला. पाठीची चेन कंबरेपर्यंत आली आणि थांबली. मग मार्लिसनं श्वास रोखून धरला, आणि ट्रूडीनं ड्वेनची पक्कड आणून चेन ओढली. चेन वर गेली, तिचं टोक मात्र तुटून पकडीतच राहिलं.

म्हणजे मार्लिस आता झग्याच्या आत, आणि बाहेर यायला रस्ता नाही. मी नेमकी त्या दिवशी बहिणीकडे एम्स गावी गेलेली. सासूला बोलवायचं तर झग्यातच मेलेलं बरं. मार्लिसनं ठरवलं, ड्वेन येईपर्यंत असंच राहायचं. ती त्याच झग्यात बटाटे सोलायला बसली. वाकता येत नव्हतं म्हणून ट्रूडीनं खाली पडलेली सालं उचलली.

तेवढ्यात किप आला. त्याच्या एका नाकपुडीतून काहीतरी नारंगी डोकावत होतं. या दिवसांत घरोघरी वाडग्यात पडलेल्या असतात त्या मक्याच्या दाण्याएवढ्या गोळ्या. त्यातली एक त्यानं नाकात सारली होती. मार्लिसनं काढायला बोट लावलं, तर गोळी आणखी आत गेली. किप भोकाड पसरून रडायला लागला.

मार्लिसनं झग्यावर ड्वेनचा शिकारीला जायचा भगभगीत केशरी कोट चढवला, पोरांना गाडीत कोंबलं आणि दवाखाना गाठला. झग्याचा अर्धा घोळ दारात अडकून रस्ताभर बाहेर फडफडत होता. आपल्याला कुणी ओळखीचं भेटू नये एवढीच तिची प्रार्थना होती, आणि ती ऐकली गेली. बसायला जागा मिळाली ती एका अनोळखी म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेजारी. त्याच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यानं झग्याकडे बघितलं, ट्रूडीकडे बघितलं, किपकडे बघितलं, मग मार्लिसच्या पोटाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"दोन झाल्यावर का होईना," तो म्हणाला, "तयार झाला म्हणायचा तो."

"अजून कारखान्यात आहे," मार्लिस म्हणाली. "सुट्टी मिळाली तर येईल."

आत गेल्यावर डॉक्टरनं चिमट्यानं अर्ध्या मिनिटात गोळी काढली. फार तरुण पोरगा होता, मार्लिस म्हणते, शाळेच्या रांगेत उभा असता तर तिनं त्याला दूध वाढलं असतं. तो म्हणाला, "साखर आहे हो. आपोआप विरघळली असती."

"हे आधी फोनवर सांगायचं."

"तुम्ही फोन केला नव्हता."

मार्लिसनं त्याच्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं. "तो धुऊन घ्या," ती म्हणाली, "आणि जरा इकडे पाठीमागं या."

डॉक्टरनं मान लाल होईपर्यंत चेन ओढली. ती हलली नाही. शेवटी नर्सनं बँडेज कापायची कात्री आणली. कापायच्या आधी तिनं विचारलं, "परत लागणार आहे का हो हा?"

"नवरा मेला तर लागेल. पण तेव्हा मी नवीन शिवीन."

नर्सनं मानेपासून कंबरेपर्यंत झगा उभा कापला. मार्लिसनं सहा तासांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, असं ती सांगते. सहा तास काही झाले नव्हते, पण मी मध्ये बोलत नाही. कापलेल्या झग्याला पाठीमागून पट्ट्या चिकटवून, वर केशरी कोट घालून ती घरी आली. येताना गाडीतच तिनं पोरांकडून वचन घेतलं की हे घडलं ते आजीला कळता कामा नये. दोघांनीही वचन दिलं. त्या वयात वचन द्यायला काही लागत नाही.

आता झगा वायाच गेला होता, तेव्हा ट्रूडीला मिळाला. पांढराशुभ्र झगा आजीनं ओळखला असता, म्हणून आम्ही तो शाळेच्या मोठ्या किटलीतल्या उरलेल्या कॉफीत बुडवला. त्या पापात मीही आहे. घरी तो टबावर वाळत असताना ड्वेननं बघितला.

"हे काय आहे?"

"पडदा."

"बरं," म्हणून तो दात घासायला लागला. नऊ वर्षांपूर्वी चर्चमध्ये तोच झगा बघून हा माणूस रडला होता.

तीस तारखेला संध्याकाळी सहाला आम्ही निघालो. माझी पोरं मोठी झालेली, पण मार्लिसबरोबर फिरायला मला आवडायचं. ट्रूडीनं तोंडाला पीठ फासलं होतं, मळकट तपकिरी झगा खाली लोळत होता, आणि एकंदरीत ती चांगली मेलेली दिसत होती. किप भूत झाला होता. पहिल्या दारात त्यानं शूचा विनोद सांगून गोळी मिळवली. मग घरधनी ट्रूडीकडे वळला.

"एकदा आमची आई लग्नाच्या झग्यात अडकली," ट्रूडीनं सुरुवात केली.

मार्लिसनं माझा दंड घट्ट धरला. ट्रूडीनं आईची काही लाज ठेवली नाही. पक्कड, बटाटे, नाक, आणि शेवटी म्हाताऱ्याचा आवाज काढून, "दोन झाल्यावर का होईना, तयार झाला म्हणायचा तो." घरधन्यानं दाराला धरून हसून घेतलं आणि बायकोला हाक मारली. बायकोसाठी ट्रूडीनं पुन्हा सांगितला.

"घरी चल, मग बघते तुझ्याकडे," मार्लिस रस्त्यावर येऊन म्हणाली.

"तू म्हणालीस आजीला नाही सांगायचं. हे काही आजी नाहीत."

चौथ्या घरापर्यंत ती गोष्ट आमच्या पुढं पोचली होती. तिथली बाई दार उघडून मार्लिसच्याच कंबरेकडे बघायला लागली. मार्लिस कोटाची बटणं लावत सुटली. आणि मग आर्डिथचं घर आलं.

आर्डिथ पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसायची. पाकात वळलेले लाह्यांचे लाडू मेणकागदात गुंडाळून मांडीवर ठेवलेले असायचे. विनोद पसंत पडला तर लाडू, नाहीतर सफरचंद. तिच्याकडून सगळी गल्ली सफरचंदं घेऊन जायची.

"ट्रूडी, इथं दुसरा सांग," मार्लिस घाईनं म्हणाली.

"मला दुसरा का?" आर्डिथ म्हणाली. "जो सगळीकडे सांगितला तो सांग."

ट्रूडीनं आईकडे बघितलं. मग लाडवांकडे बघितलं. आणि सांगितला.

आर्डिथचा चेहरा हलला नाही. तिनं ट्रूडीला जवळ ओढलं, झग्याची कड उलटी केली आणि चष्मा वर सारून टाके बघितले.

"ही शिवण माझी आहे."

"हो," मार्लिस म्हणाली.

"कॉफीत बुडवलास."

"हो."

"शाळेच्या?"

"हो."

"तरीच एवढा फिका डाग." तिनं कड सोडली. "चेन कुठं अडली होती?"

"कंबरेपाशी."

"अडणारच. तिथं मी इंचभर कमी धरलं होतं. मुद्दाम. म्हटलं, निदान लग्नापर्यंत तरी ही बया कमी खाईल."

मार्लिस एक पायरी चढली. "म्हणजे मी वेदीपाशी घेरी येऊन पडले ती..."

"ती त्यानंच."

"नऊ वर्षं लोक मला सांगतायत की ड्वेनला बघून मला भरून आलं."

"भरून आलंच असेल," आर्डिथ म्हणाली. "मावायला जागा नव्हती."

मला वाटलं, आता इथं लाडू उडणार. पण मार्लिस तिथंच पायरीवर बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आर्डिथ हसली नाही. तिनं दोन्ही पोरांच्या पिशवीत दोन-दोन लाडू टाकले आणि पुढच्या पोरांसाठी सफरचंद पुसायला घेतलं.

पुढच्या दारात ट्रूडीनं तोंड उघडलं तोच मार्लिस म्हणाली, "थांब. म्हाताऱ्याला मी काय उत्तर दिलं ते तू गाळतेस." ते तिनं स्वतः सांगितलं. त्याच्या पुढच्या दारात नर्सचं सांगितलं. मग सासूचा इंच आला. कोट तिनं केव्हाच काढून माझ्या हातात दिला होता, म्हणजे कंबर दाखवता यावी. शेवटी शेवटी सगळी गोष्ट तीच सांगायला लागली, आणि ट्रूडी नुसती पिशवी उघडून उभी.

कोपऱ्यावर ट्रूडी फुटपाथवर फतकल मारून बसली.

"हा माझा विनोद होता."

"घडला कुणावर?" मार्लिस म्हणाली.

"घडला तुझ्यावर. पण गोळ्या मला मिळतात ना त्याच्या?"

 मार्लिसही शेजारी बसली. किप माझ्या खांद्यावर पेंगत होता. बराच वेळ दोघींची वाटाघाट चालली. ठरलं ते असं, की म्हातारा ट्रूडीचा, आजी ट्रूडीची, आणि मार्लिसच्या वाट्याला फक्त मार्लिस.

आठ वाजत आले होते, लोक दारावरचे दिवे मालवायला लागले होते. एकाच घरात उजेड होता. तिथं दोघींनी मिळून सांगितला. मार्लिस श्वास रोखून उभी राहिली, ट्रूडीनं तिच्या पाठीवर पक्कड चालवल्यासारखं केलं, आणि दारातला माणूस इतका हसला की त्याचा कुत्रा भुंकायला लागला. पण त्याच्याकडच्या गोळ्या संपल्या होत्या. तो आत गेला, फडताळ शोधत राहिला, आणि बाहेर येऊन त्यानं ट्रूडीच्या हातात मटारचा एक सीलबंद डबा ठेवला.

ट्रूडीनं तो पिशवीत टाकला नाही. दोन्ही हातांत धरून घरापर्यंत आणला.